मी वाचलो, मी वाचले, मी वाचलं

दोन रविवारांपूर्वीची गोष्ट. सातशे पानांची एक भाषांतरित कादंबरी (नाव सांगत नाही, भाषांतरकार ओळखीचे आहेत) संपवून मी टीपॉयवर आदळली आणि म्हणाले, "वाचलो बाबा एकदा!" समोरच्या खुर्चीतून आमचे हे चष्मा न काढताच म्हणाले, "मी पण वाचलो."

मी सुटकेचा निःश्वास टाकला होता. ह्यांनी फक्त एवढंच सांगितलं होतं की त्यांचंही पुस्तक वाचून झालं.

मी कोल्हापूरची, हे लातूरचे. आमच्याकडे बायका "मी आलो, मी दमलो, मी जेवलो" असंच म्हणतात. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा शेजारच्या काकूंच्या दारात "मी आलो" म्हटलं आणि त्यांनी माझ्या मागे कोण पुरुष उभा आहे का ते डोकावून पाहिलं. तिकडे लातूर-नांदेडला वेगळीच तऱ्हा. पुस्तकी मराठीत "मी काम केलं, मी पुस्तक वाचलं" असं क्रियापद कर्माच्या मागे जातं. ह्यांच्या घरी ते कर्त्याला धरून चालतं: "मी काम केलो, मी पुस्तक वाचलो." शेजारच्या कन्नड-तेलुगूत क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालतं, शिवाय 'मी'च्या रूपात बाई-पुरुष असा भेदही नसतो. कन्नडमध्ये "नानु बंदे" हे बाईही म्हणते आणि बुवाही. म्हणजे माझा 'आलो' आणि ह्यांचा 'केलो' हे एकाच शेजाऱ्याकडून आलेले असावेत असं मला वाटतं. इतकी वर्षं मी ह्यांच्या 'केलो'ला हसत होते, ते उगाच.

आता 'वाचणे'कडे वळू. मराठीत ही दोन क्रियापदं आहेत, दिसायला जुळी. एक सकर्मक, म्हणजे पुस्तक वाचणं. त्याचं नातं 'वच्' म्हणजे बोलणं याच्याशी, वाचा, वचन, वाचाळ या घरातलं. संस्कृतात 'वाचयति' म्हणजे बोलायला लावतो. वाचन म्हणजे अक्षरांना बोलतं करणं. पोथी 'वाचायची' ती मोठ्यानं, चार जणांना ऐकू जाईल अशी. मनातल्या मनात वाचणं ही मागाहूनची सवय. दुसरं क्रियापद अकर्मक, म्हणजे संकटातून सुटणं. त्याचा वाचेशी काही संबंध नाही.

एरवी गोंधळ होत नाही, कारण व्याकरण राखण करतं. पुरुष सुटला तर "मी वाचलो", त्यानं वाचन केलं तर "मी वाचले". बाईच्या बाबतीत मात्र पुस्तकी मराठीत राखणदार झोपलेला. बाई सुटली तरी "मी वाचले" आणि तिनं वाचन केलं तरी "मी वाचले". जुन्या छपाईत निदान फरक दिसे, सुटण्याचं 'वांचलें' आणि वाचनाचं 'वाचलें'. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते अनुस्वार काढले, त्यांच्याबरोबर तो फरकही गेला. बोलण्यात तेवढं "मी वाचलं" आणि "मी वाचले" वेगळं ऐकू येतं. म्हणून असल्या ठिकाणी मी बिनदिक्कत 'वाचलं' लिहिते, मग कुणी त्याला बोलीभाषा म्हणो.

ह्यांच्या हातात त्या दिवशी होतं गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. वरसईचा भिक्षुक दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेकडे निघतो आणि १८५७च्या वणव्यात सापडतो. १८५८मध्ये इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा भटजी आणि त्यांचे काका शहरातच होते. लूट, कत्तल, सगळं डोळ्यांदेखत. तरीही हा गृहस्थ गंगेची कावड घेऊन कोकणात परत येतो आणि पुढे सगळं लिहून ठेवतो. पुस्तक छापून आलं १९०७मध्ये, चिंतामणराव वैद्यांनी संपादित केलेलं. हे म्हणाले, "तुझं दोन क्रियापदांचं दुखणं या एका वाक्यात बसतं बघ. भटजी वाचले, म्हणून आपण वाचलो." यातलं 'आपण वाचलो' अर्थातच लातूरचं. मी ते "आपण वाचलं" असं दुरुस्त केलं आणि वाक्यातली मजा गेली. दुरुस्ती मागे घेतली.

याच घरातलं आणखी एक रत्न म्हणजे 'वाचवत नाही'. "मला हे वाचवत नाही" म्हणजे इतकं रटाळ किंवा इतकं भीषण की वाचणं जमत नाही. "तो मला वाचवत नाही" म्हणजे बुडू देतो. "मुलाकडून धडा वाचवून घेतला" आणि "मुलाला वाचवलं" यांत फक्त एका प्रत्ययाचं अंतर. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाचं आपण काय करतो, देव जाणे.

मग विषय निघाला अभिप्रायाचा. मी त्या कादंबरीबद्दल जे बोलले त्याला हे म्हणाले, "टीका नको करू, त्यांनी मेहनत घेतलीय." इथे मी अडून बसले. टीका म्हणजे नावं ठेवणं हे कधीपासून? ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच की. "शके बाराशतें बारोत्तरें, तैं टीका केली ज्ञानेश्वरें" असं अखेरीस येतं, म्हणजे इसवी सन १२९०. आजच्या वर्तमानपत्राच्या मथळ्यात "ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका केली" असं छापलं तर मोर्चे निघतील. आज आपण 'टीका लिहिली' म्हटलं तर भाष्य आणि 'टीका केली' म्हटलं तर दोषदर्शन, असं क्रियापदावरून ओळखतो. ओवीत मात्र 'केली' आहे! 'टीकाकार' हा शब्द अजून दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभा आहे.

पुढचा भाग ह्यांनी घातलेला, मी फक्त ऱ्हस्वदीर्घ पाहिलं:

"बाईसाहेबांनी अर्धीच गोष्ट सांगितली. टीका घसरून निंदेवर गेली, तसा दुसरा एक शब्द चढून स्तुतीवर गेलाय. वाखाणणे. हा 'व्याख्यान'चा मुलगा. व्याख्यान म्हणजे उलगडून सांगणं, विवरण करणं. त्यातूनच 'वाखाणणे' निघाला आणि आज त्याचा अर्थ तोंडभरून कौतुक. दोघेही मुळात समजावून सांगणारे, पण एकाच्या नशिबी शिव्या आल्या आणि दुसऱ्याच्या नशिबी हार. माझा आपला तर्क: टीकाकार दुसऱ्यांची मतं खोडत असे, म्हणून त्याचं नाव भांडकुदळ पडलं असेल. वाखाणणाऱ्याला समोर श्रोते असत आणि श्रोत्यांना गोड लागतं तेच लागतं. पुराव्याशिवाय बोलतोय, मारू नये. आमच्या सौभाग्यवतींच्या हातची आमटी मी वाखाणतो, टीका लिहीत नाही."

(आमटीचा संदर्भ मी काढून टाकणार होते. राहू दे.)

मी त्याआधीच्या आठवड्यात 'स्मृतिचित्रे' तिसऱ्यांदा वाचलं होतं. लक्ष्मीबाई टिळकांचं ते आत्मचरित्र नवराबायकोंनी मिळून वाचावं आणि मग दोन दिवस अबोला धरावा. त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक, न सांगता घरातून निघून जातात, आलेला पैसा वाटून मोकळे होतात, १८९५मध्ये ख्रिस्ती होतात. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा पुढे १९००मध्ये. मी म्हटलं, "टिळक मला आवडले, पण पटले नाहीत." हे म्हणाले, "म्हणजे आवडले नाहीतच ना." नाही हो! मराठीत हे दोन वेगळे कप्पे आहेत. पटण्यात जुळणं आहे. ओळख पटते, खूण पटते, मुद्दा पटतो, जावाजावांचं पटत नाही. काहीतरी आधीच आपल्यापाशी असतं आणि समोरचं त्याच्याशी जुळतं. आवडायला जुळावं लागत नाही. ह्यांचं-माझं पुष्कळदा पटत नाही, तरी पंचवीस वर्षं झाली.

'भावलं' हा शब्द मी टाळते. पुस्तक-परिचयात हल्ली सगळ्यांना सगळंच भावतं. आमची मुलगी 'रिलेट झालं' म्हणते. "आपलंसं वाटलं" म्हण असं सांगितलं, तर म्हणाली, "आई, आपलंसं नातेवाईक वाटतात." त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

आणि हो, नुसतं 'वाचलं' म्हणून तरी कुठे भागतं? 'वाचून काढलं' यात पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंतची चिकाटी आहे. 'वाचून टाकलं' यात कर्तव्य उरकल्याचा भाव, परीक्षेचं पुस्तक वाचून टाकायचं असतं. 'वाचून झालं' तटस्थ. 'चाळलं' म्हणजे चाळणीतून पीठ खाली गेलं आणि कोंडा आपल्या हाती राहिला, ज्यावर आपण मत ठोकून देतो. 'फडशा पाडला' हे मी पुस्तकाला कधी लावत नाही, ते पुरणपोळ्यांसाठी राखून ठेवलंय.

काल आईचा कोल्हापूरहून फोन आला. जावई काय करतात विचारलं. स्पीकर चालू होता. हे 'स्मृतिचित्रे' घेऊन बसले होते, तिथूनच ओरडले, "वाचायलो!" लातुरी भाषेत याचा अर्थ 'वाचत आहे' एवढाच. आई क्षणभर गप्प झाली, मग हळूच मला म्हणाली, "अगं, कशातनं?"