प्रतिसाद: साक्ष बाकावरून की स्टेटसवरून?

काका, "आजची पोरं चर्चच्या बाकावर शेवटी बसतात आणि वचन मात्र व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकतात" हे तुमचं म्हणणं पटलं, पण अर्धंच.

आमच्या अहिल्यानगरकडे (तोंडात अजून नगरच येतं) आजीच्या पिढीची भक्ती म्हणजे पेटी, टाळ आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं. ती आज आपल्याला 'जुनी परंपरा' वाटते. पण टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतंही गायली जात. त्यांनी अभंग-ओवीतून ख्रिस्त गायला. त्या काळी त्यावरही कुणी नाकं मुरडली नसतील, असं मला तरी वाटत नाही! आता नातवंडं गिटार आणि कॅहॉन (पेटीसारखा, हाताने वाजवायचा ढोल) घेऊन बसली की आपण नाकं मुरडतो.

कॅथलिकांकडे तर ७ सप्टेंबर २०२५ ला कार्लो अक्युतिस हा इटालियन मुलगा संत घोषित झाला. १९९१ चा जन्म, २००६ मध्ये ल्युकेमियाने गेला, आणि ओळख काय, तर पवित्र भाकरीसंबंधीच्या (उपासनेत ख्रिस्ताचं शरीर मानून घेतात ती) चमत्कारांची त्याने बनवलेली वेबसाइट.

खरी अडचण मला वेगळी दिसते. माझी पुतणी रोज वचन शेअर करते, पण हॉस्टेलवर मैत्रिणीने "तुम्ही नक्की काय मानता?" विचारलं तर गप्प होते. आजीला लिहिता येत नव्हतं, पण विहिरीवर कुणी विचारलं तर ती घडाघडा सांगायची. अर्थात तिला विचारणारी माणसंही ओळखीचीच होती, आणि तिच्या बोलण्याचा कुणी स्क्रीनशॉट काढत नव्हतं.