इंग्रजी जगभर पसरली ती मेकॉलेमुळे नव्हे

वेशीवरचा: बेळगावच्या सांबरा विमानतळावर विमान उतरवणारा मराठी असो की कन्नड, कंट्रोल टॉवरशी इंग्रजीतच बोलतो. याचं खापर दरवेळी मेकॉलेच्या १८३५ च्या, इथं इंग्रजी शिक्षण आणा म्हणणाऱ्या टिपणावर फुटतं. त्यानं फार तर इथले कारकून घडवले. मुत्सद्द्यांची भाषा तेव्हा फ्रेंच होती. १९१९ च्या व्हर्साय तहाच्या फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही प्रती प्रमाण ठरल्या, तिथं फ्रेंचच्या मक्तेदारीला खिंडार पडलं. विज्ञानातली जर्मन भाषा आधी पहिल्या महायुद्धानंतरच्या बहिष्कारानं खचली, मग १९३३ नंतर ज्यू शास्त्रज्ञांना हाकलल्यानं. १९४५ नंतर पैसा, विमानं, संगणक अमेरिकेचे. भाषा त्यांच्या मागून आली.

खानापूरकर: अर्धंच सांगितलंत. अमेरिकेत इंग्रजी नेली कुणी? आणि इंग्रज गेल्यावर इथं ती राखली आपल्या भांडणांनी. घटनेत सरकारी कामासाठी तिला १५ वर्षांची मुदत होती, १९६५ पर्यंत. मद्रासेत हिंदीविरोधी आंदोलन पेटलं, राजभाषा कायद्याच्या १९६७ च्या दुरुस्तीनंतर मुदतीचा प्रश्नच मिटला. आपलंच बघा की: बेळगावच्या सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्रानं २००४ साली लावला. भांडण मराठी-कन्नडचं, आणि कलम ३४८ मुळे सर्वोच्च न्यायालयातलं कामकाज इंग्रजीत!

वेशीवरचा: भारतापुरतं मान्य. पण डच लोकही सर्रास इंग्रजी बोलतात, त्यांच्यावर इंग्रजांचं राज्य कधी होतं?

उद्यमबागवाला: कुठली इंग्रजी ते आधी ठरवा राव. टॉवरवरची शाळेतली नव्हे. तिथं ९ म्हणजे 'नाइनर', कारण खरखरीत 'नाइन' आणि 'फाइव्ह' सारखेच ऐकू येतात. ५ चं म्हणून 'फाइफ'. डचांचा विषय निघालाच आहे तर स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा १९७७ चा विमान अपघात बघा. डच सहवैमानिक म्हणाला, 'वी आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ'. स्पॅनिश टॉवरला वाटलं, विमान धावपट्टीच्या टोकाला उभं आहे; ते तर धावत सुटलं होतं. टॉवरचं 'ओके' पोचलं, पुढचं 'थांबा' रेडिओच्या शिट्टीत गेलं. धावपट्टीवरच्या दुसऱ्या विमानावर ते आदळलं, ५८३ मेले. तेव्हापासून 'टेकऑफ' हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना; एरवी 'डिपार्चर'. २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणाला वैमानिकाच्या इंग्रजीची सहापैकी किमान चौथी पातळी लागते. नुसतं व्याकरण नाही, उच्चार, आकलन, संवाद असे सहा निकष. सगळ्यात कमी गुण ज्यात, तीच तुमची पातळी.

खानापूरकर: त्याच नियमातलं पुढचं सांगा की. सहावी पातळी एकदा मिळाली की पुन्हा परीक्षा नाही, आणि ती बहुधा जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यालाच मिळते. चौथीवाल्यानं मात्र साधारण दर तीन वर्षांनी परत बसायचं. साम्राज्य संपलं म्हणताय, मग ही भाषापट्टी कुणाला भरतोय आपण?