एका हाताने दाबता येईल असा टूथपेस्टचा पंप हवा आहे (डिचोली, गोवा)

नमस्कार मंडळी,

बाबा ७४ वर्षांचे. गेल्या चवथीच्या आधी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात अजून साथ देत नाही. बाकी पुष्कळ सुधारणा आहे. काठी घेऊन अंगणात फिरतात, डाव्या हाताने जेवतात. अडतं ते सकाळी बेसिनपाशी.

ट्यूब बेसिनच्या कडेवर आडवी ठेवतात, डाव्या कोपराने दाबतात. पेस्टचा लांबलचक पट्टा बेसिनमध्ये पडतो, मग तो बोटाने उचलून ब्रशला लावतात. एकदा मी न विचारता ब्रशवर पेस्ट लावून ठेवली, तर ती धुऊन टाकली आणि पुन्हा आपली आपण घेतली. फिजिओथेरपिस्टही म्हणतात, जमतंय ते त्यांचं त्यांना करू द्या. पेस्ट थेट तोंडात घ्यायचा उपायही करून झाला, पण उजवीकडचा ओठ सैल असल्याने ती बाहेर ओघळते.

भिंतीला चिकटवायचा डिस्पेन्सर आणला होता. त्यात ट्यूब उलटी खोचायची आणि ब्रश आत ढकलला की पेस्ट येते. पहिले आठ दिवस बरे गेले. पण ब्रश नेमका सरळ आत जावा लागतो. बाबांचा डावा हात सवयीचा नाही, त्यामुळे पेस्ट ब्रशच्या बाजूला लागायची. शिवाय हल्लीच्या प्लास्टिकच्या ट्यूबा दाबल्या की परत फुगतात, हवा आत ओढतात, आणि निम्म्या ट्यूबेनंतर डिस्पेन्सर नुसता फुसफुसतो. त्यात आमची जुनी चिऱ्यांची भिंत, चुन्याचा गिलावा आणि आपला पाऊस. जुलैत दुतर्फी टेप सुटून सगळं खाली आलं. डिस्पेन्सरच्या तोंडाशी काळी बुरशीही धरली होती.

म्हणून आता टेबलावर उभा राहणारा, वरून तळव्याने दाबायचा पंप शोधतोय. अमेरिकेत अशा पंपातली पेस्ट १९८४ पासून विकली जाते. त्यात आत नळी नसते. तळाशी एक चकती असते, दाबागणिक ती वर सरकते आणि पेस्ट पुढे ढकलते. हात धुवायच्या साबणाच्या बाटलीत पेस्ट भरून पाहिली, ती चालत नाही. पेस्ट घट्ट असल्याने नळीभोवती पोकळी होते आणि पंप हवाच ओढतो.

डिचोली, म्हापसा, पणजी, तिन्हीकडे औषधाच्या दुकानांत विचारलं. कुणाकडे नाही. मावसभाऊ युरोपातून येताना आणेल, पण तिकडच्या मोठ्यांच्या पेस्टमध्ये फ्लोराइड बहुधा १४५० पीपीएम (दहा लाख भागांत १४५० भाग) असतं, आपल्याकडे मर्यादा १००० ची. बाबांना अधूनमधून गिळताना ठसका लागतो, त्यामुळे ती दंतवैद्यांना विचारल्याशिवाय द्यायची नाही असं ठरवलंय.

आता विचारायचं ते हे. क्रीम भरायच्या एअरलेस बाटल्या मिळतात, त्यांच्यातही तळाला तशीच सरकती चकती असते. अशा बाटलीत कुणी टूथपेस्ट भरून वापरली आहे का? भरताना मध्ये हवा राहू नये म्हणून काय करता? बाटली ५० मिलीची घ्यावी की १०० ची? एका दाबात वाटाण्याएवढी पेस्ट आली तरी पुरे. आणि तोंडाशी पेस्ट वाळून अडकते का, की रोज पुसली तर चालतं?

बाटली दाबताना सरकू नये म्हणून सुताराकडून फणसाच्या लाकडाचा ठोकळा करून घेईन, मध्ये बाटलीच्या मापाचं भोक. ब्रश आडवा ठेवायला त्यातच खाच पाडता येईल. पंपाच्या तोंडापासून खाच किती खाली हवी, हे कुणी असं काही केलं असेल तर जरूर सांगा.

घरात पक्षाघाताचा किंवा संधिवाताचा रुग्ण असलेल्यांनी वेगळी युक्ती केली असेल तर तीही लिहा. गोव्यात पंप कुठे मिळत असेल तर फक्त गावाचं नाव कळवा, मी उद्याच जाऊन आणतो.