मदत हवी आहे: वळवाची रात्र, तीस तास लाइट नाही आणि घरात इन्सुलिन

नमस्कार. दापोली तालुक्यातल्या एका वाडीत राहते. जांभ्याचं कौलारू घर, मागे पोफळी. घरात सासूबाई (वय ७६, रोज इन्सुलिन), सात वर्षांची मुलगी आणि मी. नवरा नोकरीसाठी पुण्याला, महिन्यातून दोनदा येतो.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी वळीव आला. पहिल्या दहा मिनिटांतच लाइट गेली, मग तासभर नुसत्या विजा. त्यातली एक शेजारच्या माडावर पडली. त्याच क्षणी आमच्या राउटरमधून ठिणगी उडाली आणि इन्व्हर्टर बंद पडला. सासूबाई मुलीला मांडीवर घेऊन अर्जुनाची दहा नावं म्हणत बसल्या होत्या, त्यामुळे ती शांत राहिली. माझे हात मात्र थरथरत होते. रात्री मोबाइलची रेंजही गेली. लाइट आली ती बुधवारी मध्यरात्री.

निसर्ग वादळात (३ जून २०२०) वाडीत कितीतरी दिवस अंधार होता. पण तेव्हा सासरे होते, आणि सासूबाईंना इन्सुलिन सुरू झालं नव्हतं. आता पावसाळा तोंडावर आहे आणि घरातली मोठी माणूस मीच, म्हणून विचारते आहे.

फ्रीज तीस तास बंद होता, त्यातलं इन्सुलिन फेकू का? दोन न उघडलेली पेनं आहेत, स्वस्त नाहीत. मेन स्विच बंद केला होता तरी राउटर कसा जळला? विहिरीवर पंप आहे, लाइट नाही म्हणजे पाणी नाही. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून दोन कळशा आणल्या. आणि सासूबाईंचा आग्रह असतो की वीज कडाडली की अंगणात कोयता टाकायचा. परवा त्या उठून निघाल्याच होत्या. त्यांना न दुखावता कसं थांबवू?

प्रतिसाद
ताई, मी औषधांच्या दुकानात वीस वर्षं आहे. इन्सुलिन लगेच फेकू नका. ३० अंशांच्या खाली राहिलं तर बहुतेक इन्सुलिन बाहेर साधारण २८ दिवस चालतं. नेमका आकडा खोक्यातल्या कागदावर असतो, तो बघा. मंगळवारची तारीख पेनांवर लिहा, दिवस तिथपासून मोजा आणि आधी हीच वापरा. पाण्यासारखं स्वच्छ असणारं इन्सुलिन गढूळ दिसलं किंवा कुठल्याही इन्सुलिनमध्ये गुठळ्या दिसल्या, तर मात्र घेऊ नका. डॉक्टरांच्याही कानावर घाला आणि आठवडाभर साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा.

पुढच्या वेळी लाइट गेली की फ्रीज उघडूच नका, तीन-चार तास गारवा टिकतो. नंतर पेनं घट्ट झाकणाच्या डब्यात घालून तो डबा पाण्याच्या माठात ठेवा. कोकणातल्या दमट हवेत माठ देशावरच्याइतका गार होत नाही, म्हणून तो माजघरात, सगळ्यात थंड कोपऱ्यात हवा. बर्फाला चिकटवून ठेवू नका, एकदा गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं.

प्रतिसाद
मी निवृत्त वायरमन. वीज जवळ पडली की तिला मेन स्विचमधली फट अडवत नाही. शिवाय राउटरला बाहेरून येणारी केबल जोडलेली असते, डिशचंही तेच. आभाळ काळं व्हायला लागलं की प्लग आणि केबली दोन्ही काढून ठेवायच्या. गडगडाट डोक्यावर आला की मात्र त्यांना हात लावायचा नाही. नळ, खिडकीचे गज, चार्जिंगला लावलेला मोबाइल यांच्यापासूनही लांब. वीज दिसल्यापासून आवाजापर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आला तर सगळ्यांनी घरात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पडवी म्हणजे घर नव्हे, हे मुलीला आत्ताच सांगा.

आणखी एक, हे फार कमी लोक करतात. लाइट परत आली की आधी एकच दिवा लावा आणि दहा मिनिटं बघा. वादळात न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटली असेल तर २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. दिवा फार प्रखर किंवा मिणमिणता दिसला तर मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. अर्थिंगही तपासून घ्या, जांभ्यात ते उन्हाळ्यात हमखास कमजोर होतं. तुटलेली तार दिसली तर ती मेलेली आहे असं समजू नका, कुणालाही जवळ जाऊ देऊ नका.

प्रतिसाद
आमच्या आजीचाही कोयत्याचा आग्रह असायचा. आम्ही वाद घातला नाही. सकाळीच कोयता अंगणात नेऊन ठेवायचो आणि सांगायचो, "आजी, टाकलाय." उठून बाहेर जाण्यात धोका आहे, तेवढं टळलं की झालं. फोनवर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप घ्या, जवळपास वीज पडत असेल तर इशारा येतो. पाण्यासाठी रहाट पुन्हा बसवा, तोवर पोहरा आणि दोर तरी घरात असू द्या.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. पेनांवर तारीख घातली, डॉक्टरांशीही बोलले. आज सकाळी साखर नेहमीसारखीच आली. सासूबाईंनी माळ्यावरून जुना पोहरा काढून दिला, दोर नवा आणला. कोयता त्यांनी स्वतःच तुळशीपाशी नेऊन ठेवला. अर्थिंग बघायला वायरमन शनिवारी येणार आहे. तो काय म्हणतो ते इथेच लिहीन.