काटोल रोडवर वाईनसह जेवण, पाहुणे मनीषनगरपर्यंतचे : परतीची सोय कशी करावी?

प्रश्न : काटोल नाका

माझे थोरले बंधू येत्या डिसेंबरात बँकेतून निवृत्त होत आहेत आणि त्यानिमित्त नागपुरात काटोल रोडवरील आमच्या घराच्या अंगणात अठरा-वीस जणांचे रात्रीचे जेवण ठेवले आहे. दादांना व्हिस्की कधीच रुचली नाही. नाशिकचे द्राक्षमळे पाहून आल्यापासून मात्र ते वाईनचे रसिक झाले आहेत, म्हणून त्या रात्री वाईनच द्यावी असे सर्वांनी ठरवले. जेवणात पाटवडी रस्सा, वांग्याचे भरीत, वडाभात आणि सावजी मटण आहे. या बेताला कोणती वाईन शोभेल आणि किती बाटल्या आणाव्यात, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. पाहुणे सदर, धरमपेठ, प्रतापनगर आणि मनीषनगर असे विखुरलेले असून बहुतेक जण आपापल्या गाडीने येतील. आमचे भाऊजी तर ‘वाईन म्हणजे द्राक्षांचा रसच’ असे म्हणत दोन-तीन ग्लासांनंतरही निःशंकपणे स्टिअरिंगवर बसतात. घरच्या जावयाकडे, तेही वयाने मोठ्या, गाडीची किल्ली कोणी आणि कोणत्या तोंडाने मागायची?

उत्तर : रामदासपेठेतील द्राक्षप्रेमी

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. वीस जणांपैकी बारा जण घेतील आणि प्रत्येकी दोन ग्लास घेतील असे धरले तर पाच बाटल्या पुरतात. सहावी आणू नये, कारण समोर उघडी बाटली दिसली की ‘आता संपवूनच टाकू’ असे कोणीतरी म्हणतेच.

सावजीसोबत भारदस्त रेड वाईन घेण्याचा मोह टाळावा. रेड वाईनमधील टॅनिनचा तुरटपणा आणि मद्यांश या दोन्हींमुळे तिखट अधिकच झोंबते व वाईनची चव हरवते. त्याऐवजी शेनिन ब्लाँ ही किंचित गोडसर पांढरी वाईन चांगली थंड करून द्यावी. रश्श्याचा जाळ ती सौम्य करते. शिराझ ही रेड वाईन आणायचीच असेल तर ती भरताबरोबर, जेवणाच्या सुरुवातीला द्यावी. ‘रेड वाईन घरातील तापमानालाच प्यावी’ हा नियम थंड प्रदेशातला आहे. आपल्याकडे डिसेंबरातही बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मगच उघडावी. (मे महिन्यात तर बंद गाडीत दुपारभर राहिलेली बाटली स्वयंपाकाच्याही कामाची उरत नाही, हे मी स्वतःच्या पैशांनी शिकलो आहे.)

वर्ध्याचे नातेवाईक येणार असतील तर त्यांना भेट म्हणून बाटली देऊ नका. तो जिल्हा १९७४ पासून दारूबंदीचा आहे आणि तुमच्या प्रेमापोटी त्यांच्यावर गुन्हा दाखल व्हायचा.

उत्तर : रात्रपाळीचा डॉक्टर

आपल्या भाऊजींना उपदेश करण्याऐवजी हिशेब दाखवावा. १३ टक्के मद्यांश असलेल्या वाईनच्या १५० मिलीच्या एका ग्लासात सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल असते, तर व्हिस्कीच्या ३० मिलीच्या छोट्या पेगात सुमारे १० ग्रॅम. म्हणजे त्यांचे तीन ग्लास साडेचार पेगांच्या बरोबरीचे होतात, आणि साडेचार पेग घेऊन गाडी चालवावी असे ते स्वतःही म्हणणार नाहीत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास वाहन चालवणे हा गुन्हा ठरतो. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तातील प्रमाण एकाच भरलेल्या ग्लासाने या मर्यादेच्या आसपास पोचू शकते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने तोच ग्लास त्यांना ती ओलांडायला लावू शकतो. यकृत साधारणपणे तासाला १०० मिली रक्तामागे १५ मिलिग्रॅम इतकेच प्रमाण उतरवते. पोटभर जेवणाने अल्कोहोल रक्तात हळूहळू मिसळते, एवढा जेवणाचा उपयोग आहे. मात्र एकदा मिसळलेले अल्कोहोल लिंबूपाणी, कॉफी किंवा थंड पाण्याने लवकर उतरत नाही. कॉफीने माणूस जागा राहतो खरा, पण त्याचे हात आणि निर्णय तसेच मंद असतात, आणि आपण सावरलो आहोत असे त्याला वाटू लागते हा त्यातला खरा धोका आहे.

पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नशेत गाडी चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारते. झोपेच्या गोळ्या घेणारे किंवा इन्सुलिनवर असलेले पाहुणे असतील तर त्यांना वाईनचा आग्रह मुळीच करू नये.

उत्तर : प्रतापनगर, तिसरी गल्ली

जावयाकडे किल्ली मागण्याची वेळच येऊ देऊ नये, असे माझे मत आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या घरच्या कार्यक्रमात मी रात्री साडेअकराला फाटकापाशी उभे राहून एका आप्तांकडे किल्ली मागितली. त्यांनी ती दिली नाही आणि पुढे चार महिने बोलणेही सोडले. ते त्या रात्री सुखरूप पोचले, त्यामुळे आजही चूक माझीच मानली जाते.

त्यानंतर मी पाहुण्यांना घरी सोडण्याची नव्हे, तर त्यांना घरून आणण्याची व्यवस्था करतो. गाडी घेऊन येणाऱ्याला रात्री थांबवणे हा त्याला अपमान वाटतो, पण संध्याकाळी त्याच्या दारात गाडी पाठवणे हा मान ठरतो. आपण एक ट्रॅव्हलर, म्हणजे भाड्याची मिनीबस, ठरवून घ्यावी. ती मनीषनगरहून निघून प्रतापनगर, धरमपेठ आणि सदर करत काटोल रोडला येईल आणि रात्री त्याच मार्गाने उलट जाईल. मेट्रोचा या बेतात उपयोग नाही, कारण ती काटोल रोडवर येत नाही आणि आपली जेवणे आटोपेपर्यंत शेवटची गाडी गेलेली असेल. ॲपवरील टॅक्सीच्या भरवशावरही राहू नये. मध्यरात्री शहराच्या कडेला आलेली गाडी रद्द झाली की ‘जाऊ द्या, मीच चालवतो’ हे वाक्य ठरलेलेच असते.

ज्यांना स्वतःची गाडी आणायचीच आहे, त्यांच्यापैकी कोण पिणार नाही हे आधीच फोनवर विचारून घ्यावे. त्या मंडळींसाठी अंबिया बहाराच्या, म्हणजे याच हंगामात तयार होणाऱ्या, संत्र्यांचा ताजा रस सोडा घालून वाईनच्याच ग्लासात द्यावा, म्हणजे हातात काय आहे याची चौकशी होत नाही.

उत्तर : पहाटेचा प्रवासी

एक मुद्दा राहिला. आपल्याकडे अशा जेवणानंतर दुसऱ्या दिवशी ताडोबाच्या सकाळच्या सफारीचा बेत आखणारे निघतातच. साडेआठ ते बारा या वेळेत पाच ग्लास घेतलेला मनुष्य पहाटे साडेतीनला गाडी काढतो, तेव्हा डॉक्टरसाहेबांच्या हिशेबाने त्याच्या १०० मिली रक्तात अजून ५० मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल शिल्लक असते. झोप झाली म्हणून तो स्वतःला शुद्धीवर समजतो.

काटोल नाका (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चार बाटल्या शेनिन ब्लाँ आणि एक शिराझ असे ठरवले आहे. ट्रॅव्हलर ठरली, आणि भाऊजींना दादांनी स्वतः फोन करून ‘साडेसहाला गाडी दारात येईल’ असे सांगितले. पेगांचा हिशेब सांगायची गरजच पडली नाही. भाऊजी खूश होऊन म्हणाले, ‘मग मी निवांत घेईन.’ ताईने मात्र मागून विचारले की सफारीचे बुकिंग कोणी केले आहे का. केले होते, माझ्याच मुलाने. ते आता दुपारच्या फेरीचे करून घेतले आहे. ट्रॅव्हलरच्या चालकाचे ताट पहिल्या पंगतीत वाढायचे आणि त्याला आग्रहाने फक्त वडाभात वाढायचा, हे काम मी माझ्याकडे ठेवले आहे.