अनुभव धागा: घरात तग धरणारी झाडं

गॅलरी चिंचोळी, ऊन जेमतेम दोन-तीन तास, घरातले सगळे सकाळी बाहेर पडणार ते रात्रीच परतणार. अशा घरात कोणतं झाड लावावं, हे मला ओळखीचे-अनोळखी बरेच जण विचारतात. नर्सरीवाले सांगतात ते त्यांच्या शेडनेटखाली खरं असतं. आपल्या पश्चिमेच्या खिडकीत, बोअरच्या पाण्यावर आणि मे महिन्यात काय होतं, हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून हा धागा. ज्या झाडाने तुमच्या घरात फारसे लाड न होता जीव धरला, त्याच्याबद्दल लिहा. खिडकी कुठल्या दिशेची, पाणी कधी, आणि तुम्ही स्वतः पाहिलेलं काही असेल तर ते आवर्जून.

सुरुवात माझ्यापासून. डोंबिवली, उत्तरेची खिडकी, स्नेक प्लांट. मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. पानांवरची छिद्रं दिवसा मिटून रात्री उघडतं, त्यामुळे पाणी फारसं उडून जात नाही. पाणी देण्याआधी मी बोट दोन पेरं मातीत खुपसते. आत गारवा लागला तर त्या दिवशी पाणी नाही. पावसाळ्यात तर महिना महिना देत नाही.

एक गंमत सांगते. याच्या पिवळ्या काठाच्या पानाचा तुकडा कापून मातीत खोचला की मुळं धरतो, काही महिन्यांनी बाजूने नवा कोंब येतो, पण तो निव्वळ हिरवा. पिवळी किनार येतच नाही, कारण ती पानाच्या ठरावीक थरातच असते आणि नवा कोंब त्या थरातून फुटत नाही. किनार हवी असेल तर कुंडी उलटी करून गड्डा विभागावा लागतो. माझ्याकडे आता आई पिवळी आणि लेकरं हिरवी अशा कुंड्या शेजारी शेजारी आहेत, आणि मला दोन्ही तितक्याच आवडतात.

ठाणे, पाचवा मजला

ताई, छान विषय. आमच्याकडे मनीप्लांट, बाटलीतला आणि कुंडीतला दोन्ही. फांदी कापताना पेराच्या खाली कापायची. त्या पेरावर तपकिरी टोचासारखं मूळ डोकावत असतं, तेच पाण्यात लांब होतं. पेर नसलेलं नुसतं पान कितीही दिवस पाण्यात ठेवा, हिरवं राहील पण वेल होणार नाही.

बाटलीवाल्यांना कळकळीची विनंती. पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओता, बाटली आतून घासा, मुळं नळाखाली धुवा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत उडायला लागतो. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात, म्हणून नुसतं पाणी बदलून भागत नाही, घासावंच लागतं. कुंडीखालच्या थाळ्यांचंही तेच. महापालिकेचे लोक ‘कोरडा दिवस’ पाळा म्हणून दारोदार सांगत फिरतात. आमच्या मजल्यावर तो रविवारी असतो, आणि सगळ्यांची पोरं त्यात हौसेने असतात.

नागपूर

आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्या दिवसांत जे टिकतं ते खरं सोपं झाड. दिवाणखान्यात झीझी आहे. मातीखाली त्याचे जाड कंद असतात, पाणी तिथे साठलेलं. मामाकडे लग्नाला आठ-पंधरा दिवस गेलो तरी ते जसंच्या तसं. मात्र कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना घालू नका. टाकीतलं पाणी उडत राहतं आणि क्षार तळाशी घट्ट होत जातात. कूलरच्या जाळीवर पांढरा थर धरतो ना, तोच मग मातीवर धरतो आणि पानांची टोकं जळतात. बोअरचं पाणी असेल तर आणखी जपा.

आणि गच्चीवर ऑफिस टाइम! बाकी सगळ्यांनी माना टाकलेल्या असतात तेव्हा गुलाबी, केशरी, पिवळी फुलं रणरणत्या उन्हात डोळे उघडून बसतात. दहाच्या सुमारास उघडतात, दुपार कलली की मिटतात. बोटभर फांदी कुठेही खोचा, लागते. उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर रंग असतो तो याच्यामुळे.

पुणे, कोथरूड

घरातली झाडं हवा शुद्ध करतात हे प्रत्येक नर्सरीत ऐकायला मिळतं, त्याबद्दल थोडं लिहावंसं वाटतं. नासाचा 1989 चा अभ्यास खरा आहे, पण तो बंद पेटीत केलेला. आपल्या घरात दारं-खिडक्या असतात, हवा सतत ये-जा करते. 2019 मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात निघालं की नुसत्या उघड्या खिडकीइतकं काम झाडांनी करायचं तर दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील. तेव्हा हवेसाठी खिडकी उघडा, आणि झाड झाडासाठी लावा. सकाळी चहाचा कप घेऊन नवीन पान उलगडताना बघायचं, एवढं कारण मला पुरतं.

पुण्यातल्यांनी जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जरूर जावं. फुलं तर बघाच, पण तिथल्या माळीकाकांशी बोला. मातीचं मिश्रण मी त्यांच्याकडूनच शिकले. एक भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत, आणि मूठभर नीमपेंड. कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा उपडा.

रत्नागिरी

कोकणात प्रश्न पाणी घालायचा नाही, काढायचा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही चार महिन्यांत. आम्ही मृगाच्या आधी सगळ्या थाळ्या काढून टाकतो आणि कुंड्या चिऱ्याच्या तुकड्यांवर उचलून ठेवतो, म्हणजे खालचं भोक मोकळं राहतं. भरणीत तळाला नारळाची सोडणं. ती पाणी धरतात आणि जास्तीचं सोडूनही देतात. विकतचं कोकोपीट म्हणजे त्याचाच भुसा.

पडवीत पानांचा ओवा आहे, गवती चहा आहे. दोन्हींना आपण फक्त तोडायचं काम करायचं. ओव्याचा शेंडा खुडला की खालून दोन फुटतात, म्हणून भजी जितकी कराल तितकं झुडूप दाट. पान पाठीवर लव असलेलं, जाड, हातात चुरडलं की वास दिवसभर बोटांना राहतो. पहिल्या पावसात आमच्याकडे कांद्याआधी ओव्याच्या पानांची भजी होतात. पीठ पातळ हवं आणि पान बुडवून लगेच तेलात, नाहीतर ते पाणी सोडतं.

शेजारी पानफुटी. पान गळून ओल्या जांभ्यावर पडलं की काठाच्या प्रत्येक खाचेतून इवलं रोप, मुळांसकट. नातवंडांना झाड कसं होतं ते दाखवायला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. वहीत ठेवलं तरी फुटतं.

बोरिवली

माझं झाड स्पायडर प्लांट. आहे दक्षिण आफ्रिकेचं, पण सफेद मुसळीच्या कुळातलं, आणि सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात आमच्या बोरिवलीचं नाव आहे, क्लोरोफायटम बोरिविलियानम! पहिल्या पावसात आदिवासी बायका टोपलीत फोडशीची भाजी घेऊन बसतात ती याच घराण्यातली. फोडशी निवडताना पातीच्या बुडाचा पांढरा भाग आणि मधला कडक दांडा काढतात. तेव्हा पाती हातात घेऊन कुंडीतल्या झाडाशी ताडून बघा, साम्य लगेच दिसेल. (कुंडीतलं मात्र खाऊ नका, ते शोभेसाठीच.)

लांब दांड्याला लोंबणारी पिल्लं दिसली की आईपासून न तोडता शेजारच्या कुंडीत टेकवून ठेवा. मूळ धरलं की मग दांडा कापा. घरी येणारा पाहुणा माझ्याकडून एक पिल्लू नेल्याशिवाय जात नाही.

नाशिक

घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर एक सांगते. मनीप्लांट, झीझी, डिफेनबेकिया यांच्या पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते. लिली तर मांजरांना जिवावरची, तिचे पराग अंगावर पडून चाटले तरी. आमच्या माऊमुळे घरात फक्त स्पायडर प्लांट आहे. ती त्याच्याशी खेळते, कुरतडते, आणि झाड परत वाढतं.

न्यू जर्सी

इकडे कढीपत्ता ‘सोपा’ म्हणायला धाडस लागतं, पण जमतं. उन्हाळाभर डेकवर कडक उन्हात. रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली जायला लागलं की आत, दक्षिणेच्या खिडकीशी. हीटरच्या झोताशेजारी अजिबात नको. डिसेंबर-जानेवारीत पानं पिवळी होऊन गळतात, जवळजवळ खराटा होतो. तेव्हा बरेच जण घाबरून पाणी आणि खत ओततात, आणि झाड त्यानेच जातं. ते झोपलेलं असतं. खोडावर नखाने जरासं खरवडा. आत हिरवं दिसलं तर निवांत राहा, पाणी अगदी बेताने द्या. मार्चमध्ये शेंड्याला लालसर फूट येते. त्या दिवशी मी आईला व्हिडिओ कॉल करून दाखवते आणि ती पहिली विचारते, “फोडणीपुरता झाला का गं?”

सातारा

न्यू जर्सीच्या ताईंना माझ्याकडून कौतुक. इथे परसात कढीपत्ता न बघताही वाढतो. त्याच्यावर एक गोष्ट बघायला मिळते, ती मात्र चुकवू नका. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काळं-पांढरं काही दिसलं तर फुंकून बघा, हलेल. ती फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचली तर डोक्यामागून दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. दोन-चार फांद्यांची पानं खाते, पण झाडाचं काही बिघडत नाही, पुन्हा फुटतं. औषध मारू नका. आमच्या वाड्यातल्या मुलांनी अशी अळी कोष करताना पाहिली आणि मग शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकून आधी परसात पळायची.

कोल्हापूर

आमच्या घरचं ब्रह्मकमळ. पान म्हणतो ते खरं तर त्याचं चपटं खोड, आणि कळी त्या खोडाच्या खाचेतून येते. तुकडा दोन दिवस सावलीत सुकू द्यायचा आणि मग मातीत खोचायचा. बाकी सकाळचं कोवळं ऊन पुरे.

फुलायची रात्र ओळखता येते. कळी आधी खाली लोंबत असते, मग मान वळवून वर बघायला लागते, फुगते. ज्या संध्याकाळी टोकाशी पाकळ्या सैल झाल्या, त्याच रात्री फुलणार. मग वहिनी गल्लीत निरोप देतात, खुर्च्या अंगणात येतात, कुणी दूध आटवतं. नऊनंतर उमलायला लागतं, मध्यरात्री ताटलीएवढं होतं, वास पार कोपऱ्यावरच्या घरापर्यंत. पहाटे मान टाकतं. गेल्या आषाढात एकाच रात्री इतकी फुलं आली की वरच्या आळीतली माणसंही बघायला आली. ज्यांचं गेली कित्येक वर्षं बोलणं नव्हतं ती दोन घरंही अंगणात शेजारी बसली होती.

पुन्हा मी, डोंबिवली

वाचून इतकं छान वाटतंय की काय सांगू! निरोपातून काहींनी जास्वंदीवरच्या पांढऱ्या कापसासारख्या किडीबद्दल विचारलंय. तो पिठ्या ढेकूण. आधी मुंग्या बघा. त्याच्या गोड चिकासाठी मुंग्या त्याला जपतात आणि या फांदीवरून त्या फांदीवर नेतात, त्यामुळे मुंग्यांची वाट तोडल्याशिवाय तो हटत नाही. थोडा असेल तर कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसा. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली नीमतेल आणि भांड्यांच्या द्रव साबणाचे थोडे थेंब घालून खूप हलवा आणि सूर्य कलल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारा. आठवड्याने परत, कारण अंडी राहिलेली असतात. फार माखलेले शेंडे सरळ कापून पिशवीत बांधून टाका, कुंडीत टाकू नका.

कल्याण-डोंबिवलीत कुणाला स्नेक प्लांटचा गड्डा हवा असेल तर पाऊस सुरू झाला की कळवा, तेव्हा मी कुंड्या विभागते. पिवळ्या किनारीचा हवा की हिरवा, तेवढं लिहा. आणि अजून गोवा, मराठवाडा, खानदेशातून कुणी लिहिलेलं नाही. जळगावच्या उन्हात गच्चीवर काय टिकतं, ते मला जाणून घ्यायचंय.