‘संदिग्ध नायक’ म्हणावे का? काळोख्या सुपरहीरोपटांसाठी शब्द हवा आहे

प्रश्न

कोल्हापुरातील आमच्या लहानशा वाचक मंडळात पुढच्या बैठकीसाठी ‘काळोखे सुपरहीरोपट आणि धर्मविचार’ असा विषय निघाला असून टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. रात्री मुखवटा घालून बाहेर पडणारा, गुन्हेगारांना मारझोड करणारा, प्रसंगी खोटे बोलणारा आणि तरीही आपल्याला आपलासा वाटणारा जो नायक या चित्रपटांत असतो, त्याच्यासाठी मी ‘नैतिकदृष्ट्या संदिग्ध नायक’ असे लिहिले आहे. मला ते लिहितानाच खटकले. माझ्या आज्जीने असा एक चित्रपट अर्धा तास पाहून “ह्यो देव हाय का राक्षस, ते एकदा सांग, म्हंजे मी झोपते,” असे विचारले, आणि तिचा प्रश्न माझ्या शब्दापेक्षा नेमका आहे असे वाटले. ‘संदिग्ध’ हा शब्द येथे योग्य आहे का? नसल्यास दुसरा कोणता वापरावा?

प्रतिसाद

चित्रपट परीक्षणांत ‘करड्या छटेचा नायक’ असे सर्रास लिहितात. मात्र मराठीत करडी नजर असते, करडी शिस्त असते. ‘करडा’ म्हणजे राखाडी, पण कडकही. ‘करडा नायक’ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आमचे शाळेतले कवायतीचे मास्तर उभे राहतात. ‘धर्मसंकटात सापडलेला नायक’ असे म्हटले तर?

प्रतिसाद

‘धर्मसंकट’ हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे. दोन लग्नांचे मुहूर्त एका दिवशी आले तरी आपण धर्मसंकटात सापडतो. मुळात त्या शब्दाला दोन्ही बाजूंना धर्म लागतो: एक पाळायला गेले तर दुसरा मोडतो. या चित्रपटांतील नायकापुढे पुष्कळदा एका बाजूला कायदा आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचा संताप असतो, आणि संतापाला धर्म म्हणता येत नाही. ‘आपद्धर्म’ थोडा जवळचा आहे, परंतु आपद्धर्म आपत्ती संपली की संपतो. या नायकाची आपत्ती कधीच संपत नाही. संपली तर पुढचा भाग कसा निघणार?

आता मूळ शब्दाकडे वळतो. आजच्या मराठीत ‘संदिग्ध’ म्हणजे ज्याचा अर्थ निश्चित होत नाही असे. संदिग्ध उत्तर, संदिग्ध तरतूद, संदिग्ध वाक्यरचना हे सगळे प्रयोग विधानांविषयी आहेत, माणसांविषयी नाहीत. माणसाच्या बाबतीत आपण ‘संशयास्पद’ म्हणतो, तो पोलिसी शब्द झाला. म्हणून ‘संदिग्ध नायक’ वाचताना वाचकाला वाटते की नायकाने काय केले ते नीट कळले नाही. प्रत्यक्षात या चित्रपटांत नायकाने काय केले ते अगदी लख्ख दिसते. त्याचे हात कशाने तरी माखले आहेत, हा खरा मुद्दा आहे.

गंमत अशी की ‘संदिग्ध’ या शब्दाच्या पोटात नेमका हाच अर्थ आहे. संस्कृतातील ‘दिह्’ म्हणजे लेपणे, माखणे. त्यापासून ‘दिग्ध’ म्हणजे माखलेला. ‘संदेह’ आणि ‘संदिग्ध’ ही त्याच घरची भावंडे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात विष लावलेल्या बाणाला ‘दिग्ध’ आणि ‘लिप्तक’ अशी दोन नावे शेजारी शेजारी दिली आहेत. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील पाचव्या श्लोकात अर्जुन म्हणतो की गुरुजनांना मारले तर जे भोग भोगायचे ते ‘रुधिरप्रदिग्ध’, म्हणजे रक्ताने माखलेले असतील. अर्जुनाला काय घडते आहे याविषयी संदिग्धता नाही, त्याला दिग्धतेची भीती आहे. आणि अठराव्या अध्यायातील सतराव्या श्लोकात उत्तर येते तेही याच भाषेत: ज्याच्या ठायी ‘मी केले’ हा भाव नाही आणि ज्याची बुद्धी ‘न लिप्यते’, तो मारूनही मारत नाही. हा श्लोक पुष्कळांना मोकळा परवाना वाटतो, पण त्यातली पहिलीच अट फार अवघड आहे. काळोख्या सुपरहीरोची सगळी उभारणीच ‘मी’वर असते: माझे आईवडील मारले गेले, माझे शहर, माझी प्रतिज्ञा. त्या अटीवर तो पहिल्याच दृश्यात नापास होतो.

म्हणून माझे मत असे की ‘अलिप्त’ या आपल्या नेहमीच्या शब्दाचा विरुद्धार्थी ‘लिप्त’ उचलावा आणि ‘लिप्त नायक’ म्हणावे. तो देव का राक्षस हा आज्जींचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, पण योग्य जागी जातो: हात माखले, आता ते कोण धुणार आणि कशाने?

प्रश्नकर्ता

सर, आभारी आहे. पण मग देवीचे काय? अंबाबाईने कोल्हासुराला मारले, आणि आपण तिला लिप्त म्हणत नाही.

प्रतिसाद

म्हणत नाही, आणि त्याचे कारण शब्दांतच सापडते. देवीमाहात्म्य सांगणाऱ्या दुर्गा सप्तशतीच्या चौथ्या अध्यायात देव तिची स्तुती करताना ‘चित्ते कृपा समरनिष्ठुरता च’ असे म्हणतात. ‘समरनिष्ठुरता’ हा समास मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात निष्ठुरतेला कुंपण घातले आहे. ती रणात आहे, चित्तात नाही. आपल्या गावाची कथा तर याही पुढे जाते: मरताना कोल्हासुराने या क्षेत्राला आपले नाव मिळावे असा वर मागितला आणि देवीने तो दिला. ज्याचा वध झाला त्याचे नाव आपण रोज पत्त्यात लिहितो, आणि ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फुटतो तेव्हा त्याची आठवणही ठेवतो. उलट काळोख्या सुपरहीरोची निष्ठुरता रण संपल्यावर त्याच्याबरोबर घरी येते, जेवायला बसते. ‘उग्र’ हा शब्द देवतेसाठी राखून ठेवावा असे मला यामुळेच वाटते. उग्र मूर्तीची शांती करता येते, या नायकाची तशी सोय नाही.

मात्र आपल्या परंपरेत लिप्त देव नाहीत असे समजू नये. भैरवाने ब्रह्मदेवाचे पाचवे शिर छाटले तेव्हा ते कपाल त्याच्या हाताला चिकटून बसले आणि काशीत कपालमोचन तीर्थावर ते सुटेपर्यंत तो भिक्षा मागत हिंडला. हाताला चिकटणे, म्हणजे पुन्हा ‘लिप्’च.

प्रतिसाद

मी थोडा वेगळा पुरावा जोडतो. कोल्हापूरला असा नायक नवा नाही. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० साली ‘सैरंध्री’ काढला आणि त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब होते की सेन्सॉरने ते कापायला लावले. विराटपर्वातला तो प्रसंग आठवून पाहा. भीम बल्लव नावाने स्वयंपाकी होऊन राहिलेला, म्हणजे ओळख लपवलेली. कीचकाने छळलेली द्रौपदी भर सभेत विराट राजाकडे दाद मागते आणि ती मिळत नाही. मग रात्री अंधाऱ्या नृत्यशाळेत भीम वाट पाहत बसतो आणि कीचकाचा मांसाचा गोळा करतो. श्रेय जाते गंधर्वांना. मुखवटा, रात्र, हतबल राजसत्ता आणि दंतकथा, चारही गोष्टी जागेवर आहेत. पुढे उपकीचकांनी, म्हणजे कीचकाच्या भावांनी, सैरंध्रीला (हे द्रौपदीचेच घेतलेले नाव) कीचकाबरोबर जाळायला नेले तेव्हा भीमाने आणखी एकशे पाच जणांना मारले. हा सूड की रक्षण, हे ठरवताना मीही अडखळतो. ‘लिप्त’ मला पटतो, पण भीमाला लावताना जीभ अडते.

प्रश्नकर्ता

आणि कायदा हातात घेणाऱ्या अशा माणसाला काय म्हणावे? इंग्रजीत ‘व्हिजिलांटी’ म्हणतात.

प्रतिसाद

त्या शब्दाचा मूळ अर्थ जागणारा, पहारेकरी. आपल्याकडे हुबेहूब ‘जागल्या’ आहे: रात्री गावाची राखण करणारा. दुर्दैवाने तो शब्द आता आतली बातमी बाहेर फोडणाऱ्यासाठी रुळला आहे, त्यामुळे गोंधळ होईल. शिवाय जागल्याला गावाने नेमलेले असते; याला कोणीही नेमलेले नाही. ‘कायदा हातात घेणारा’ एवढेच लिहा. लांब आहे, पण खरे आहे.

प्रतिसाद

हे चित्रपट ज्या संस्कृतीत घडले तिचा धर्मविचारही टिपणात यावा. चांगले व्हावे म्हणून वाईट करू या, असे म्हणणाऱ्यांना प्रेषित पौलाने बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (३:८) फटकारले आहे. आता क्रिस्टोफर नोलनचा २००८ चा ‘द डार्क नाइट’ पाहा. शहराचा आशास्थान असलेला सरकारी वकील शेवटी खुनी होऊन मरतो. लोकांचा विश्वास तुटू नये म्हणून बॅटमॅन त्याचे खून स्वतःच्या माथी घेऊन पळून जातो. दुसऱ्याचे पाप आपल्यावर घेणे ही ख्रिस्ती मनाला अतिशय ओळखीची प्रतिमा आहे, आणि पुष्कळ भाविक प्रेक्षक तिथे हेलावतात. परंतु क्रूसावरच्या बलिदानाला असत्याचा आधार नव्हता. इथे सगळा त्याग एका खोट्यावर उभा आहे. २०१२ च्या पुढच्या भागात ते खोटे उघडे पडते आणि त्यावर रचलेला कायदाही उघडा पडतो. ‘नरो वा कुंजरो वा’ नंतर धर्मराजाचा जमिनीपासून चार बोटे वर चालणारा रथ खाली टेकला, त्याची मला येथे आठवण होते. रथ टेकला याचा अर्थ चाकांना माती लागली. लिप्तच.

वापराविषयी एक सूचना: त्या शेवटाला ‘प्रायश्चित्त’ म्हणू नये. प्रायश्चित्त स्वतःच्या पापाचे घेतात.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. टिपणात ‘संदिग्ध’ खोडून ‘लिप्त’ केले आहे. शीर्षकासाठी मात्र ‘दिग्धनायक’ असा जोडशब्द मनात घोळतो आहे. चालेल का?

प्रतिसाद

समास म्हणून निर्दोष आहे. पण छापणारा ‘दि’चा ‘दु’ केल्याशिवाय राहणार नाही, आणि आपल्या जिल्ह्यात ‘दुग्धनायक’ वाचले की लोक दूध संघाच्या निवडणुकीचे पत्रक समजून बैठकीला येतील.